सर्फिंगच्या गावात एकट्याने मुक्काम: भरतीच्या तक्त्यावर बेतलेला निवांत आठवडा

सर्फिंगच्या गावात एकट्याने, निवांत राहायला म्हणून गेलेल्या माणसाचा बेत बहुतेक वेळा दुसऱ्याच दिवशी फसतो. पहिल्या सकाळी उत्साहाच्या भरात तीन तास पाण्यात, दुपारी परत दोन तास. मग खांदे वर जात नाहीत, मान भाजलेली, बोर्डावर घासून पोट आणि गुडघे सोललेले, आणि तिसरा-चौथा दिवस खोलीत पंख्याखाली. सोबत कोणी नसल्यामुळे "आता पुरे, बाहेर ये" म्हणणारंही कोणी नसतं.

त्यामुळे इथे लाटांवर उभं राहण्याइतकीच जागा दिवसाच्या आखणीला दिली आहे. हिशेब साधा आहे: उतराल त्या दिवशी पाण्यात एकच तास, तोही भरती-ओहोटी सांगेल त्या वेळी. बाकीचा दिवस मोकळा. याला किमान सहा-सात रात्री हव्यात, कारण पहिले दोन दिवस जागा समजून घेण्यात जातात आणि एखादा दिवस समुद्र खराब निघतोच. तीन रात्रींचा मुक्काम ठरवलात तर प्रत्येक तास वसूल करायची घाई मागे लागते.

आधी काळ ठरवा, मग गाव

एकाच किनाऱ्यावर वर्षातले काही महिने डोक्यावरून जाणाऱ्या लाटा असतात आणि काही महिने कमरेएवढ्या. फोटोंत दिसतो तो पहिला काळ. निवांत मुक्कामाला दुसरा लागतो. मोठ्या लाटांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचे किंवा तो सरल्यानंतरचे चार-सहा आठवडे सहसा उत्तम. गर्दी ओसरलेली असते, शिकवणाऱ्यांना वेळ असतो आणि समुद्र अंगावर येत नाही. शाळांच्या सुट्ट्या आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा.

गाव निवडताना सगळ्यात आधी किनाऱ्याचा तळ बघा. वाळूचा तळ आणि हळूहळू खोल होत जाणारा किनारा हवा. लाट साधारण तिच्या उंचीच्या १.३ पट खोलीच्या पाण्यात आली की फुटते, म्हणजे एक मीटरची लाट सव्वा मीटरच्या आसपास पाण्यात. खडकावर किंवा प्रवाळावर लाट रोज ठरल्या जागी, देखणी फुटते, पण पडाल तेव्हा खाली काय आहे याचा विचार करा. पहिल्या आठवड्यात असल्या जागा काठावरून पाहायला चांगल्या. अर्धवर्तुळाकार, एखाद्या टेकडीच्या आडोशाची खाडी असलेलं गाव मिळालं तर आणखी बरं. उघड्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतानाही आडोशाला सरावापुरती लाट मिळते.

लाटांच्या अंदाजात तीन आकडे वाचायला शिका: उंची, पिरियड आणि वारा. पिरियड म्हणजे एकामागून एक येणाऱ्या दोन लाटांमधले सेकंद. नवखे फक्त उंची बघतात आणि तिथेच फसतात. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाच्या आणि पिरियडच्या प्रमाणात वाढते. एक मीटर उंची आणि ७ सेकंद पिरियड असलेला समुद्र, आणि एक मीटर उंची पण १४ सेकंद पिरियड असलेला समुद्र, यांत दुसऱ्याची ताकद दुप्पट असते. शिवाय लांब पिरियडची लाट उथळ पाण्यात आली की जास्त उंचावते. सुरुवातीला ०.५ ते १ मीटर उंची आणि ७ ते १० सेकंद पिरियड पुरे. उंची एक मीटर पण पिरियड १५ सेकंद दिसला तर त्या दिवशी पुस्तक वाचा.

वाऱ्याचं गणित शाळेत शिकलेलंच. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, दिवसा समुद्राकडून खारे वारे. मतलई वारा हलका असेल तर लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. जमीन तापून अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुटला की लाटा विस्कटतात. म्हणून सर्फर पहाटे उठतात, त्यात शिस्तीचा भाग कमीच. एक सावधगिरी मात्र हवी. मतलई वारा जोराचा असेल तर पाणी दिसायला सुरेख आणि वागायला वाईट असतं, कारण तो सगळं आत, समुद्राकडे ढकलतो. अशा वाऱ्यात हवा भरलेला पॅडलबोर्ड (उभं राहून वल्ह्याने चालवायचा बोर्ड) घेऊन एकट्याने जाऊ नये.

भरतीचा तक्ता तारखेवर बसवणं

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. (काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती असते, तिथला तक्ता वेगळा वाचावा लागतो.) या ५० मिनिटांवर अख्ख्या आठवड्याचं वेळापत्रक उभं राहतं. समजा, तिथे ओहोटीनंतर दोन तासांनी पाणी सर्वांत चांगलं असतं आणि पहिल्या दिवशी ती वेळ सकाळी ६ ची आहे. मग सातव्या दिवशी तीच वेळ ११ ला येईल, म्हणजे खारा वारा सुटल्यावर. त्यामुळे जायची तारीख अशी निवडा की चांगल्या पाण्याची वेळ मुक्कामाच्या मधल्या दिवसांत सकाळी ७ ते ९ च्या दरम्यान पडेल. तक्ते वर्षभर आधी छापलेले असतात. हे काम तिकीट काढायच्या आधी दहा मिनिटांत होतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची. उधाणात पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि ओढही जोरदार असते. एकच जागा दोन तासांत ओळखू येत नाही. भांगाच्या दिवसांत पाण्याची पातळी कमी बदलते, त्यामुळे चुकीच्या वेळी उतरलात तरी फारसं बिघडत नाही. मुक्कामाच्या मधोमध भांग येईल असं बघा.

सहा तासांच्या चढ-उतारात पाणी सारख्या वेगाने हलत नाही, हेही ध्यानात ठेवा. ढोबळ हिशेबाने पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग. म्हणजे निम्मा बदल मधल्या दोन तासांत. भरती-ओहोटीतला फरक ३ मीटर असेल तर तिसऱ्या तासात पाणी पाऊण मीटर चढतं. वाळूवर ठेवलेली पिशवी आणि चपला वाहून जातात त्या याच वेळेला.

खोली

समुद्र दिसण्यापेक्षा समुद्र चालत गाठता येणं महत्त्वाचं. आठ-नऊ फुटांचा बोर्ड बगलेत धरून दहा मिनिटांहून जास्त चालणं जाताना जमतं, येताना नाही. खोली घेण्याआधी विचारायच्या गोष्टी: बाहेर गोड्या पाण्याचा शॉवर आहे का, ओले कपडे वाळत घालायला सावलीची दोरी आहे का, बोर्ड कुलपात ठेवता येतो का, रात्री शेजारी संगीत किती वाजेपर्यंत चालतं. शेवटचा प्रश्न यजमानाला विचारण्यापेक्षा आधी राहून गेलेल्यांच्या अभिप्रायांत शोधा. पहाटे साडेपाचला उठायचं असेल तर रात्री दोनपर्यंतचा ठेका परवडत नाही.

डॉर्मिटरी की स्वतंत्र खोली? झोप खोलीत आणि माणसं डॉर्मिटरीत मिळतात. मध्यम मार्ग म्हणजे सामाईक स्वयंपाकघर असलेल्या ठिकाणी स्वतंत्र खोली. बोलावंसं वाटलं तर ओट्यापाशी कोणी ना कोणी भेटतं, नाही वाटलं तर दार लावून घेता येतं. सगळे दिवस आधीच बुक न करता पहिल्या दोन-तीन रात्री घ्या, जागा पटली तर वाढवा. गर्दीच्या हंगामात मात्र हे चालत नाही.

दिवसाउजेडी पोहोचा. दाराची आतली कडी स्वतः लावून बघा, किनाऱ्यापासून खोलीपर्यंतच्या वाटेवर रात्री दिवे असतात का ते पहिल्याच संध्याकाळी पाहून घ्या. खोलीची चावी पाण्यात कुठे ठेवायची हेही ठरवा. गळ्यातल्या दोरीला अडकवू नका. सर्फिंगच्या शॉर्टच्या आतल्या खिशात किंवा वेटसूटच्या (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाच्या) चावीच्या कप्प्यात ती बसते. इलेक्ट्रॉनिक चावी पाण्यात नेऊ नये. ती यजमानाकडे ठेवा.

बॅगेत काय

पोहण्याचे कपडे दोन जोड, म्हणजे एक वाळत असताना दुसरा. लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे बोर्डाच्या घासण्यापासून वाचवणारा अंगाबरोबरचा सदरा; तो नसेल तर दुसऱ्या दिवशी छातीवर हात लावता येत नाही. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन आणि नाक, कान, गालांसाठी झिंकची जाड कांडी. हनुवटीखाली बांधता येईल अशी टोपी. बारीक चिमटा, जंतुनाशक, पाण्यात टिकणारी पट्टी, मिठा-साखरेची पुडी. कानात घालायचे सर्फिंगचे प्लग. शिट्टी. पाणी न शिरणारी एक छोटी पिशवी. बाकी सगळं नेहमीच्या प्रवासाचं.

सनस्क्रीन घेताना डबीवरची नावं वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्झेट असलेल्या सनस्क्रीनवर प्रवाळांच्या काळजीपोटी पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून विक्रीबंदी घातली आहे. फक्त झिंक ऑक्साइडचं घेतलं की या दोन रसायनांचा प्रश्न उरत नाही.

वेटसूट पाण्याच्या तापमानावर ठरतो, हवेच्या नाही. पाणी २४ अंशांच्या वर असेल तर रॅशगार्ड पुरे. २० ते २३ ला २ मिलिमीटरचा आखूड सूट, १७ ते २० ला ३/२, १३ ते १६ ला ४/३, त्याखाली ५/४ आणि पायात बूट. दोन आकड्यांपैकी पहिला धडाच्या जाडीचा, दुसरा हातापायांच्या. सूट कोरडा असताना घट्ट वाटला पाहिजे. कमरेपाशी पाण्याचा फुगा साठत असेल तर तो मोठा आहे, एक माप खाली या.

पहिली संध्याकाळ: फक्त बघणं

पोहोचलात त्या संध्याकाळी पाण्यात उतरू नका. थोड्या उंच जागी बसून अर्धा तास समुद्र बघा. लाटा गटाने येतात: चार-पाच मोठ्या, मग काही मिनिटं शांतता. अर्ध्या तासात असे दोन-तीन गट दिसतात. पाच मिनिटं बघून "आज शांत आहे" म्हणणारा माणूस नेमका दोन गटांच्या मधली शांतता बघून गेलेला असतो.

तीन गोष्टी टिपा. पांढरा फेस कुठे सतत उठतो, तिथे खाली वाळूचा दांडा आहे. दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधे काळपट, गुळगुळीत, लाटा न फुटणारी पट्टी कुठे आहे. ती नवख्याला सर्वांत सुरक्षित वाटते आणि ती बहुधा ओढ असते, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्रात जोरात जाणारा प्रवाह. तिसरं, जाणकार सर्फर कुठून आत जातात आणि कुठून बाहेर येतात.

मग जीवरक्षकाला गाठा. प्रश्न मोजके ठेवा: आज ओढ कुठे आहे, नवख्यांनी कुठे उतरावं, पाण्याखाली खडक कुठे आहे, तुम्ही किती वाजता जाता. शेवटचा प्रश्न एकट्या माणसासाठी सगळ्यात मोलाचा. जीवरक्षक नसलेल्या वेळेत एकट्याने उतरू नये, कमरेएवढ्या पाण्यातही नाही. झेंड्यांचे अर्थही विचारून घ्या. बऱ्याच देशांत लाल-पिवळे झेंडे म्हणजे पोहण्याची राखलेली जागा (तिथे बोर्ड न्यायचा नसतो), काळे-पांढरे चौकोन म्हणजे बोर्डांची जागा, लाल म्हणजे धोका आणि दोन लाल म्हणजे पाणी बंद.

भाड्याचा बोर्ड

आठ ते नऊ फुटांचा, मऊ फोमचा बोर्ड घ्या. दुकानातला तरुण सात फुटांचा, झोकदार बोर्ड पुढे करील, नको म्हणा. लांबीपेक्षा बोर्डाचं आकारमान सांगणारा लिटरमधला आकडा बघा. वजनाच्या किलोइतके लिटर ही कमीत कमी मर्यादा, आणि पहिल्या आठवड्यात त्याहून बरेच जास्त लिटर बरे. छोट्या बोर्डावर चांगले सर्फर सुंदर दिसतात, पण त्यांच्या हातांत तेवढा वेग असतो. तुम्हाला वेग बोर्डाने द्यायचा आहे.

ताब्यात घेण्याआधी बोर्ड उलटा करा. तळाचे तिन्ही फिन, म्हणजे दिशा धरणारी पाती, हाताने हलवा; हलत असतील तर स्क्रू कसून मागा. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, दोन्ही हातांनी ताणून अंगठा फिरवत तपासा. एखादी चीर असेल तर ती नेमकी मोठ्या लाटेत तुटते. व्हेल्क्रो ओला करून लावून बघा. लीश बोर्डाइतकी लांब हवी. जुन्या फोमला कुठे फाट असेल तर आत पाणी शिरून बोर्ड जड झालेला असतो. दोन बोर्ड उचलून बघितले की फरक लगेच कळतो. आधीच्या ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोरच काढा, म्हणजे परत देताना वाद नको.

लीश मागच्या पायाला बांधतात. मागचा पाय कोणता? गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत जाऊन घसरा. जो पाय आपसूक पुढे राहतो तो पुढचा. बहुतेकांचा डावा पुढे असतो, काहींचा उजवा, दोन्ही चालतं. दोरी बोर्डाच्या बाहेरच्या बाजूला यावी अशी गाठ फिरवून घ्या, नाहीतर उभं राहताना पायात अडकते.

पाण्यातला एक तास

पहिला धडा शिक्षकाबरोबर घ्या. एका शिक्षकामागे चार-पाचांहून जास्त माणसं असतील तर दुसरीकडे जा. त्यानंतर एकट्याने करायचा सराव असा:

१. खाऊन दीड तास झालेला हवा. वाळूवर आठ-दहा मिनिटं अंग मोकळं करा: खांदे गोल फिरवणं, मांड्या, कंबर. वाळूवरच आठ-दहा वेळा उभं राहण्याची क्रिया करा.

२. पाय वाळूवरून घासत आत जा, पावलं उचलून टाकू नका. वाळूत दडलेला पाकट मासा घासण्याने आधीच पळतो. पाय पडला तर काटा मारतो. कमरेएवढ्या पाण्यात थांबा. बोर्ड नेहमी तुमच्या बाजूला असावा. तुम्ही आणि येणारी लाट यांच्या मधे बोर्ड आला की तो थेट तोंडावर येतो. नवख्यांच्या ओठ-दातांना जखमा होतात त्या अशा चुकीतून.

३. बोर्डाचं नाक किनाऱ्याकडे करा. फुटून आलेली फेसाळ लाट तीन-चार मीटरवर आली की बोर्डावर पालथे व्हा. नाक पाण्याच्या चार-पाच सेंटिमीटर वर दिसलं पाहिजे. ते पाण्यात घुसत असेल तर तुम्ही फार पुढे आहात आणि कोलांटी ठरलेली. फार वर आलं असेल तर तुम्ही फार मागे आहात. बोर्ड पाणी ढकलत राहतो आणि लाट खालून निघून जाते. जागा सापडली की हनुवटीखाली बोर्डावर वॅक्सची एक रेघ ओढून ठेवा.

४. तीन-चार खोल हात मारा. लाटेने बोर्ड उचलून पुढे ढकलल्याचं जाणवल्यावर आणखी दोन हात मारा. बहुतेक लोक इथेच एक हात आधी थांबतात.

५. तळवे बरगड्यांशेजारी, बोर्डाच्या वर सपाट ठेवा. कडा धरू नका, धरल्या की बोर्ड डगमगतो. छाती उचला, मागचा पाय आडवा टेकवा, पुढचा पाय दोन हातांच्या मधे आणा. गुडघे वाकलेले, नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडावर. नजर पायांकडे गेली की शरीर तिच्यामागे जातं.

६. पडताना बोर्डापासून दूर, सपाट, पाठीवर किंवा बाजूला पडा. डोकं खाली करून सूर मारू नका. उथळ पाण्यात मान मोडते. वर येताना आधी एक हात डोक्यावर, मग तोंड बाहेर. लीश ताणली गेली की बोर्ड परत उसळतो. वेटसूट लोकप्रिय करणारे जॅक ओ'नील यांचा एक डोळा १९७१ मध्ये अशाच उसळून आलेल्या बोर्डाने गेला. आजच्या लीश तितक्या रबरी नसतात, तरीही हात डोक्यावर हवाच.

बारा-पंधरा लाटा किंवा एक तास, जे आधी होईल ते, आणि बाहेर. "एक शेवटची लाट" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. थकलेले पाय उशिरा येतात आणि दुखापती तेव्हाच होतात.

एक दुर्मीळ, पण माहीत असायलाच हवा असा धोका आहे. बोर्डावर पालथं पडून, कंबर मागे ताणून बराच वेळ राहिलेल्या नवख्यांना क्वचित मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडून इजा होते, आणि तीही बहुधा पहिल्याच धड्यात. अचानक कंबरदुखी, मग पायांत मुंग्या किंवा बधिरपणा, अशी सुरुवात असते. असं वाटलं तर क्षणभरही न थांबता पाण्याबाहेर या आणि थेट हॉस्पिटल गाठा. "झोपलं की बरं वाटेल" हे इथे चालत नाही. टाळायचा उपाय सोपा आहे: लाटेची वाट पालथं पडून बघू नका, बोर्डावर बसा किंवा शेजारी उभे राहा.

ओढीत सापडलात तर

लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि दोन दांड्यांच्या मधल्या खोलगट भागातून जोरात आत जातं. हीच ओढ. तिचा वेग साधारण सेकंदाला ३० ते ६० सेंटिमीटर असतो, पण कधी कधी दोन मीटरच्या वरही जातो. इतक्या वेगाविरुद्ध ऑलिम्पिकचा जलतरणपटूही टिकत नाही. ती माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. माणसं बुडतात ती किनाऱ्याकडे थेट पोहायचा हट्ट करून, दमून.

बोर्ड सोडू नका, तो तुमचा तराफा आहे. त्यावर पालथे व्हा, दहा श्वास घ्या. मग किनाऱ्याला समांतर, जिकडे पांढरा फेस दिसतो तिकडे हात मारा. फेस म्हणजे उथळ पाणी, आणि तिथली लाटच तुम्हाला बाहेर आणते. समांतर जाऊनही पुढे सरकत नसाल तर दिशा बदला किंवा तरंगत राहा. ओढ लाटा फुटण्याच्या जागेपलीकडे सहसा मंदावते. एक हात सरळ वर करून डावीकडून उजवीकडे हलवणं ही मदतीची खूण. सोबत शिट्टी वाजवा.

दिवसाची घडी

चांगल्या पाण्याची वेळ सकाळी ८ ची धरली तर दिवस असा लागतो. साडेपाचला उठणं, अर्धा लिटर पाणी, हलकं खाणं. सातला किनाऱ्यावर जाऊन वीस मिनिटं बघणं. आठ ते नऊ पाण्यात. मग गोड्या पाण्याने अंघोळ, भरपेट न्याहारी, आणि अकरा ते तीन सावली. ही चार तासांची दुपारच मुक्कामाचा गाभा आहे. झोपा, वाचा, खिडकीतून विस्कटलेल्या लाटा बघा. तीननंतर किनाऱ्याने चालणं. ओहोटी असेल तर ओल्या, घट्ट वाळूवर, कारण कोरड्या वाळूत पोटऱ्या भरून येतात. संध्याकाळी पंधरा मिनिटं खांदे आणि कंबर ताणणं, साडेनऊला झोप.

तिसरा दिवस पूर्ण कोरडा ठेवा. खांद्यांचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि विश्रांतीनंतर चौथ्या दिवशी बोर्डावरचा तोल सुधारलेला दिसतो. पाणी सपाट असलेला दिवस पोहायला आणि खडकांतली डबकी बघायला चांगला. जोराचा पाऊस पडून गेल्यावर नदीच्या किंवा नाल्याच्या तोंडाजवळ दोन-तीन दिवस उतरू नका. गावाची सगळी घाण तिथून येते. गडगडाट ऐकू आला की बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेरच.

दारू पाण्याच्या आधी अजिबात नको. आदल्या रात्रीची जास्त झाली असेल तर सकाळचं सत्र सोडा.

एकटं असणं

पहिले दोन दिवस नवलाईत जातात. तिसऱ्या संध्याकाळी, नेमकं जेवायच्या वेळी, जरा पोकळ वाटतं. त्याची तयारी आधी करा: एकाच ठिकाणी, एकाच वेळी जेवायला जा. चौथ्या दिवशी तिथली माणसं ओळखीचं हसतात, आणि तेवढं पुष्कळ होतं. बोर्डाचं दुकान रोज तेच ठेवा. आज पाणी कसं आहे, या एका प्रश्नावर सर्फिंगच्या गावात अर्धा तास गप्पा होतात.

पाण्यात जाताना कुठे उतरतोय आणि किती वाजता परत येणार हे एका माणसाला सांगा. यजमान, दुकानदार, कोणीही चालेल, आणि आल्यावर त्याला तोंड दाखवा. घरच्यांना दिवसातून एक ठरलेला निरोप पुरे. मधल्या वेळात फोन खोलीत ठेवा. मात्र "मी इथे एकटीच राहते", "एकटाच आलोय" हे पहिल्या भेटीत कोणाला सांगू नका आणि खोलीचा नंबर तर नाहीच.

सराव वाढून फेसाच्या पलीकडे जायला लागलात तर तिथले रिवाज पाळा. लाट फुटायला लागते त्या टोकाच्या सर्वांत जवळचा माणूस लाटेचा मालक. तो उठला की तुम्ही थांबायचं. आत जाताना फुटणाऱ्या लाटांच्या वाटेतून नको, बाजूने वळसा घालून जा. आणि लाट आली म्हणून बोर्ड सोडून देऊ नका. नऊ फुटांचा बोर्ड, तेवढीच लीश आणि तुमचा पाय मिळून सहा मीटरपर्यंत पोहोचतात, तेवढ्यात दुसऱ्याचं डोकं असू शकतं. चूक झाली तर हात वर करून माफी मागा. भांडणं तिथेच मिटतात.

अंगाच्या तक्रारी

ऊन हा सर्वांत मोठा शत्रू, ढगाळ दिवशीही. उतरायच्या वीस मिनिटं आधी सनस्क्रीन लावा. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला ३० ते ३५ मिलिलिटर लागतं, लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत. बाहेर आल्यावर पुसून परत लावा. गुडघ्यांची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग आणि केसांचा भांग या हमखास विसरायच्या जागा. हातांना उरलेलं सनस्क्रीन वाळूने घासून काढा, नाहीतर बोर्डावर हात घसरतो.

खडकाने किंवा प्रवाळाने कापलं तर जखम साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन कण चिमट्याने काढा. दुखतं म्हणून अर्धवट सोडलेली प्रवाळाची जखम चिघळतेच. लाली पसरत गेली, ताप आला तर डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते निघण्याआधीच तपासा.

पाकटाचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम, म्हणजे ४३ ते ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. त्या विषाचा दाह उष्णतेने उतरतो. पाणी आधी दुसऱ्या, न दुखावलेल्या पायाने तपासा, कारण वेदनेत भाजल्याचं कळत नाही. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर उपसू नका, हॉस्पिटलला न्या. जेलीफिश लागला तर वाळूने चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा आणि तंतू चिमट्याने काढा. व्हिनेगर काही जातींवर चालतं, काहींवर त्रास वाढवतं, तेव्हा ते जीवरक्षकाला विचारूनच. श्वास लागला, छातीत दुखलं, चेहरा सुजला तर थेट तातडीची सेवा.

कानात पाणी राहिलं तर डोकं बाजूला करून कानाची पाळी हळूच ओढा; काडी घालू नका. थंड पाण्यात आणि वाऱ्यात वर्षानुवर्षे सर्फिंग करणाऱ्यांच्या कानात हाड वाढून वाट अरुंद होते, म्हणून थंड समुद्रात प्लग पहिल्या दिवसापासून.

निघण्याच्या आदल्या दिवशी

शेवटचं सत्र निघण्याच्या आदल्या सकाळी करा, त्याच सकाळी नाही. नाकाच्या पोकळ्यांत शिरलेलं पाणी काही तासांनी, खाली वाकलात की अचानक बाहेर येतं. ते विमानात किंवा जेवणाच्या ताटावर नको. रॅशगार्ड आणि वेटसूट गोड्या पाण्यात दोनदा बुडवून, उलटे करून, सावलीत वाळवा. वेटसूट खांद्यांवर न टांगता कमरेत दुमडून दोरीवर टाका, नाहीतर पाण्याच्या वजनाने खांदे ओघळतात. बोर्ड उजेडात परत द्या, पहिल्या दिवशीचे फोटो समोर ठेवून अनामत मोजून घ्या, आणि लीश कुठे चिरली असेल तर दुकानदाराला दाखवा. तो बोर्ड उद्या दुसरा कोणी नवखा नेणार असतो.